चांदोलीचे रान आणि फणसाची झाडे

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

डिसेंबर २०२४ मध्ये आपल्या बार्शी तालुक्याच्या शिवेवर वाघ आला. यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वर अभयारण्यातून निघालेला हा नर वाघ चारशे किलोमीटरहून अधिक वाट तुडवत येडशी रामलिंग घाटाच्या अभयारण्यात पोहोचला आणि तिथून बार्शीच्या बाजूलाही येऊ-जाऊ लागला. आपल्याकडे लोकांनी वाघ पाहिलेला तो फक्त चित्रात किंवा सर्कशीत. त्यामुळे चहाच्या टपरीपासून एसटीच्या फलाटापर्यंत दुसरा विषय नव्हता. पुढे जानेवारी २०२५ मध्ये बातमी आली, की या वाघाला पकडून सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात सोडण्याचा वन खात्याचा बेत आहे. पथके आली, कॅमेरे लागले, वाघ काही हाती लागेना. पण त्या निमित्ताने आमच्या गल्लीतल्या एका तरुणाने मला विचारले, "सर, हे सह्याद्री व्याघ्र प्रकल्प म्हणजे नेमके कुठे? आणि तिथे इतकी मोकळी जागा आहे का हो?"

पहिल्या प्रश्नाचे उत्तर सोपे होते. दुसऱ्याचे देता देता माझी जीभ अडखळली. कारण त्या मोकळ्या जागेची गोष्ट मला पस्तीसएक वर्षांपूर्वी एका म्हाताऱ्या माणसाने सांगितली होती. आज ती आपल्यापुढे मांडायची आहे.

आधी ठिकाण सांगतो. सोलापूरहून पश्चिमेला अडीचशे किलोमीटरच्या आसपास गेले, की सह्याद्रीचा माथा लागतो. सांगली, सातारा, कोल्हापूर आणि रत्नागिरी या चार जिल्ह्यांच्या सीमा जिथे एकमेकींना भिडतात, तिथे चांदोली राष्ट्रीय उद्यान आहे. क्षेत्रफळ सुमारे ३१७ चौरस किलोमीटर. त्याच्या उत्तरेला कोयना अभयारण्य, सुमारे ४२३ चौरस किलोमीटरचे. या दोहोंचा मिळून २०१० साली सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. महाराष्ट्रात राष्ट्रीय उद्याने सहा. त्यांतले ताडोबा सर्वांत जुने, १९५५ सालचे. चांदोली सर्वांत धाकटे, २००४ सालचे.

आपल्या जिल्ह्यात वर्षाकाठी साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तोही पडला तर. चांदोलीच्या माथ्यावर पाथरपुंज नावाचे एक गाव आहे. तिथे काही वर्षी सात हजार मिलिमीटरच्याही पुढे पाऊस नोंदला गेला आहे. म्हणजे आपल्याकडे बारा-तेरा वर्षांत जेवढा पडेल, तेवढा तिथे चार महिन्यांत! अ‍ॅमेझॉन किंवा काँगोच्या खोऱ्यातल्या वर्षावनांत बारमाही पाऊस असतो. सह्याद्रीतल्या रानाची तऱ्हा निराळी. चार महिने धो धो आणि आठ महिने कोरडे. तरीही जांभूळ, अंजनी, हिरडा, पिसा अशा झाडांचे हे निमसदाहरित रान उन्हाळ्यातही हिरवे राहते. उतारावर कारवीची दाटी असते. ती सात-आठ वर्षांतून एकदा फुलते, पण तिच्या मुळ्या रोजच माती धरून ठेवतात. माथ्यावर जांभ्या खडकाची सपाट पठारे आहेत, त्यांना तिकडे सडे म्हणतात. पावसाचे पाणी या सड्यांवरून, पालापाचोळ्यातून हळूहळू झिरपते आणि ओढे उन्हाळ्यापर्यंत जिवंत राहतात. रानाच्या या कामाचा परिणाम थेट आपल्या जिल्ह्यापर्यंत पोहोचतो. तो कसा, ते शेवटाकडे सांगेन.

आता इतिहास. मी महाविद्यालयात इतिहास शिकवायचो. बहामनी काळ आला, की एक प्रसंग मी अगदी रंगवून सांगत असे. १४५३ च्या सुमारास बहामनी सुलतानाने आपला सरदार मलिक-उत्-तुज्जार याला कोकणच्या स्वारीवर पाठवले. त्याने शिर्क्यांच्या प्रमुखाला आधी नमवले. शिर्के म्हणाले, मी तुमचाच झालो, पण खेळण्याचा राजा शंकरराय माझा वैरी आहे, आधी त्याला नमवा, वाट मी दाखवतो. खेळणा म्हणजे आजचा विशाळगड, चांदोलीच्या दक्षिणेला, याच डोंगररांगेत. सरदार भुलला. विजापुरात बसून पुढे दीडशे वर्षांनी इतिहास लिहिणाऱ्या फेरिश्त्याने त्या वाटेचे वर्णन केले आहे. पहिले दोन दिवस रस्ता बरा होता. तिसऱ्या दिवशी असे रान लागले, की ऊन खाली उतरेना आणि वारा आत शिरेना. एका बाजूला कडे, दुसऱ्या बाजूला खाडी, सैन्य थकलेले, सरदार आजारी. रात्री शिर्क्यांनी निरोप धाडला आणि शंकररायाची माणसे चालून आली. सरदार मारला गेला आणि त्याच्याबरोबर फौजेचा मोठा भागही.

पुढे महमूद गवानाने १४६९ ते १४७२ या काळात पुन्हा मोहीम काढली, तेव्हा आधीचा धडा त्याच्या ध्यानात होता. त्याने लढाईच्या आधी रानच तोडायला आणि जाळायला घेतले. त्यात महिनेच्या महिने गेले. पावसाळा सुरू झाला, तशी त्याला फौज मागे घेऊन कोल्हापुरात छपरे उभारून थांबावे लागले. त्यानंतर कुठे खेळणा त्याच्या हाती आला.

तिसरा प्रसंग आपल्या जिल्ह्यातून निघतो. औरंगजेबाची छावणी १६९५ ते १६९९ अशी चार वर्षे मंगळवेढा तालुक्यात ब्रह्मपुरीला, माचणूरच्या भीमाकाठी होती. तिथून तो मराठ्यांचे किल्ले घ्यायला स्वतः बाहेर पडला. ऑक्टोबर १७०० मध्ये सांगोला तालुक्यातल्या खवासपुरात त्याची छावणी माण नदीच्या पात्रात होती. एका रात्री अवचित पूर आला, छावणी वाहून गेली आणि पळापळीत बादशहाचा पाय दुखावला. तो कायमचा लंगडा झाला. कोरड्या माणदेशातल्या एका पुराने त्याची ही दशा केली. सह्याद्रीतला पाऊस अजून पुढेच होता. डिसेंबर १७०१ मध्ये त्याने विशाळगडाला वेढा घातला. आंबा घाटातून वाट करण्यासाठी आधी कामगार लावावे लागले. गड परशुराम त्र्यंबकांनी जून १७०२ पर्यंत लढवला आणि मग बोलणी करून सोडला. बादशहा जिंकला, पण परतीच्या वाटेवर पावसाने गाठले. ओढ्यांच्या नद्या झाल्या. हत्ती, उंट, तोफा चिखलात रुतल्या, धान्य मिळेना. तीसेक मैलांच्या वाटेला महिन्याहून अधिक लागला.

हे तीन प्रसंग सांगून मी वर्गात फळ्यावर एक वाक्य लिहीत असे : "सह्याद्रीचे निर्मनुष्य अरण्य हाच स्वराज्याचा पहिला किल्ला." मुले ते वहीत उतरवून घेत. परीक्षेत मी त्यालाच गुण देई.

साधारण १९८८-८९ चे वर्ष असेल. माझ्या वर्गात एक मुलगा होता, जिल्ह्यातल्या एका धरणग्रस्तांच्या वसाहतीतून यायचा. एका रविवारी तो आपल्या आजोबांना घेऊन माझ्या घरी आला. पंचाहत्तरीचे गृहस्थ, डोक्याला पटका, हातात काठी. नात्याने आमचे काहीच नव्हते, पण आमच्या आईने त्यांना "या दादा, बसा" म्हटले आणि पाणी दिले. ते बसले. आणि म्हणाले,

"गुरुजी, पोरगं वाचून दावत हुतं. तुम्ही खेळण्याचं शिकवलंय. रानानं फौज मारली म्हणं."

मी म्हटले, "हो दादा, तसेच लिहिले आहे."

"रान कुठं मारतंय? रानात वाट दावणारी माणसं हुती, त्यांनी मारली. आन् निर्मनुष्य म्हंजे वं काय? आमी मानसंच हुतो की तितं."

मला काय बोलावे ते सुचेना. इतकी वर्षे मी शिर्क्यांची गोष्ट सांगत होतो, आणि त्या गोष्टीतल्या माणसांना मीच निर्मनुष्य म्हणत होतो! रानात गावे नसती, वाटा माहीत असलेली माणसे नसती, तर फौज नुसती वाट चुकली असती, मारली गेली नसती. गडावर दाणागोटा चढला असता का? निरोप पोहोचला असता का? म्हाताऱ्याने दोन वाक्यांत माझा फळा पुसून टाकला.

ते आजोबा कोयनेच्या खोऱ्यातले. कोयना धरणाचे काम पन्नाशीच्या दशकात सुरू झाले. १९६२ साली पहिली वीज निघाली, १९६४ पर्यंत धरण पुरे झाले. १०३ मीटर उंच भिंत, १०५ टीएमसी पाणी. त्या पाण्याला शिवसागर असे नाव मिळाले. महाराष्ट्राच्या गिरण्या, कारखाने, घराघरांतले दिवे या पाण्यावर उजळले, यात शंका नाही. पण त्या पाण्याखाली शंभराच्या आसपास गावांच्या जमिनी आणि घरे गेली. तेव्हा पुनर्वसनाचा कायदाच नव्हता. महाराष्ट्राने तो केला १९७६ साली, आणि असा कायदा करणारे ते देशातले पहिले राज्य ठरले. पण कोयनेची माणसे तोवर दीड दशकापूर्वीच उठलेली होती. कुणी सातारा-सांगलीच्या पूर्व भागात गेले, कुणी रत्नागिरी, कुलाबा, ठाण्याकडे, आणि काही आपल्या सोलापूर जिल्ह्यात आले.

आजोबा सांगत होते. "पाणी चढाय लागलं तशी आमची भावकी दोन ठिकाणी फुटली. आमी खाली आलो, तुमच्याकडं. धाकला भाऊ म्हनला, मी डोंगर सोडनार न्हाई. त्यो वर सरकला. पाण्याच्या वर रानात छप्पर घातलं, नाचणी केली." ट्रकमधून सोलापूर जिल्ह्यात उतरले त्या दिवशी बायकांनी पहिला प्रश्न विचारला, की सरपणाला रान कुठे आहे? रान नव्हतेच. कुसळे होती आणि काळे दगड. भाताच्या खाचरात जन्म गेलेल्या माणसांनी ज्वारी पेरायला शिकायची होती. जमिनीचा सातबारा नावावर व्हायला पुढे कित्येक वर्षे गेली. आजोबा कुणाला नाव ठेवत नव्हते. एवढेच म्हणाले, "पाऊस नसतो ह्ये कुनी सांगितलंच न्हाई आमाला."

वर सरकलेल्या भावाची गोष्ट पुढे आणखी अवघड झाली. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला. शेकडो माणसे दगावली किंवा जायबंदी झाली, हजारो घरे पडली. छपरे पुन्हा उभी राहिली. मग १९८५ साली त्याच डोंगरावर कोयना अभयारण्य जाहीर झाले, आणि त्याच वर्षी दक्षिणेला चांदोली अभयारण्य. धरणाने ज्यांना वर ढकलले होते, ते आता अभयारण्याच्या रेघेच्या आत आले. ज्या रानाने आसरा दिला, त्याच रानाने उठायला सांगितले!

चांदोलीच्या बाजूला हीच गोष्ट थोड्या वेगळ्या रीतीने घडली. वारणा नदीवरच्या धरणाचे काम सत्तरच्या दशकात सुरू झाले. मातीचे धरण, ३४ टीएमसीचे, जलाशयाला नाव वसंत सागर. काही गावे पाण्यात गेली. काही गावे पाण्यात गेली नाहीत, पण त्यांच्या वाटा, बाजार, शाळा पलीकडे राहिल्या आणि ती अभयारण्यात आली. झोळंबी, रुंदिव, सिद्धेश्वर, गोठणे, निवळे अशी त्यांची नावे. एकेक करून बहुतेक उठली आणि सांगली-कोल्हापूरच्या सखल भागातल्या वसाहतींत गेली.

अभयारण्य आणि राष्ट्रीय उद्यान यांतला फरक इथे सांगायला हवा, कारण वर्तमानपत्रांत हे दोन्ही शब्द सरमिसळ वापरले जातात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे अभयारण्यात काही हक्क, उदाहरणार्थ गुरे चारणे, परवानगीने चालू ठेवता येतात. राष्ट्रीय उद्यानात तसे नाही. तिथे आतल्या लोकांचे हक्क आधी निकाली काढायचे आणि मगच अंतिम अधिसूचना काढायची, असा क्रम आहे. म्हणजे २००४ साली चांदोली राष्ट्रीय उद्यान झाले, त्याच्या आधीची वीस वर्षे ही गावे रिकामी होण्याची वर्षे होती. आपल्या जिल्ह्याला या कायद्याची धग ठाऊक आहे. १९७९ साली नान्नजच्या माळढोक अभयारण्याची रेघ सोलापूर-नगरच्या ८,४९६ चौरस किलोमीटरवर ओढली गेली, तेव्हा आपल्या शेतकऱ्यांचे जमिनीचे व्यवहार कसे अडले, ते घरोघरी माहीत आहे. ते क्षेत्र पुढे पुष्कळ कमी करण्यात आले. आपल्यावरची रेघ मागे घेता आली. चांदोलीतल्या माणसांना स्वतःलाच मागे घ्यावे लागले.

हे सारे विसाव्या शतकातच सुरू झाले, असेही नाही. १८४७ साली डॉ. अलेक्झांडर गिब्सन मुंबई इलाख्याचा पहिला वनसंरक्षक झाला. डोंगरउतारावर फांद्या तोडून, जाळून, राखेत नाचणी-वरी पेरण्याची जी कुमरी शेती होती, तिच्यावर त्याचा रोख होता. रान गेले तर पाऊस आटेल आणि झरे सुकतील, असे त्याचे म्हणणे. त्या काळात ते दूरदृष्टीचेच होते. पण १८७८ च्या वन कायद्याने राखीव जंगलाची हद्द आखली, तेव्हा कागदावर एका बाजूला रान आणि दुसऱ्या बाजूला गाव असे दोन भाग झाले. त्या आधी तसे नव्हते. देवराई गावाची होती, हिरड्याचे झाड घराचे होते, सड्यावरचे गवत भावकीचे होते.

रामचंद्रपंत अमात्यांचे 'आज्ञापत्र' आपल्यापैकी अनेकांनी ऐकले असेल. अठराव्या शतकाच्या सुरुवातीचे. आरमाराला लाकूड लागते तेव्हा काय करावे, ते त्यात सांगितले आहे. सागवान वगैरे हवे ते हुजूर परवानगीने तोडावे. पण आंबा, फणस यांना हात लावू नये. कारण ही झाडे वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, रयतेने ती लेकरांसारखी जपून वाढवलेली असतात. ती तोडली तर तिच्या दुःखाला पारावार राहत नाही. हे लिहिणारे अमात्य याच डोंगरात, विशाळगड-गगनबावड्याच्या परिसरात वावरलेले. रानात कोणते झाड निसर्गाचे आणि कोणते माणसाच्या हातचे, हे त्यांना दिसत होते.

मला ते दिसायला त्या आजोबांनी शिकवले. जाताना ते म्हणाले, "गुरुजी, कधी गेलात तिकडं तर फणस बगा. गाव दिसनार न्हाई, फणस दिसंल."

निवृत्तीनंतर मी गेलो. शिराळा तालुक्यातून मणदूरच्या बाजूने परवाना काढून आत गेलो. सोबतचा वाटाड्या त्याच भागातला तरुण होता. झोळंबीच्या सड्याकडे जाताना गाडी दाट रानातून जाते. अचानक रान उघडते आणि गवताचे हिरवे मैदान लागते. मी म्हटले, काय सुंदर कुरण आहे! वाटाड्या म्हणाला, "सर, ही भाताची खाचरं हुती." मग नीट पाहिले. गवताखाली बांधांच्या पायऱ्या होत्या. कडेला गव्यांचा कळप निवांत चरत होता. माणसाने उतारावर पिढ्यान्‌पिढ्या दगड रचून सपाट केलेल्या जमिनीवर आता गवत माजले आहे, आणि त्या गवतावर गवे पोसले जातात. गवे वाढले तर वाघाला भक्ष्य. थोडक्यात, उद्या इथे वाघ नांदला, तर त्याच्या ताटात त्या शेतकऱ्यांच्या कष्टाचाही वाटा असेल!

थोडे पुढे फणस होते. पाच-सहा, ओळीने. त्यांच्या मध्ये चौथऱ्याचे दगड, एक फुटके जाते, आणि जरा वरच्या अंगाला देवळाची पडकी भिंत. रानातला फणस असा ओळीने येत नाही. कुणाच्या तरी आजीने परसात आठळ्या टोचल्या होत्या. खाली पिकून फुटलेल्या फणसांवर अस्वलाने ताव मारल्याच्या खुणा होत्या. वाटाड्याने पायातली चप्पल काढून देवळाच्या भिंतीला हात लावला. मी विचारले, "तुमचे गाव का?" तो म्हणाला, "आईचं माहेर."

मंडळी, मी वाघाच्या विरोधात बोलतो आहे, असा गैरसमज कृपया करून घेऊ नका. हे रान राखायलाच हवे. १ जुलै २०१२ रोजी युनेस्कोने पश्चिम घाटातल्या ३९ ठिकाणांना जागतिक वारशाचा दर्जा दिला. त्यात महाराष्ट्रातली चार : कास पठार, कोयना, चांदोली आणि राधानगरी. तो मान रास्त आहे. माणसांची ये-जा थांबल्यावर रान भरून आले, हेही मी डोळ्यांनी पाहिले. शेकरू पाहिला, धनेशाच्या पंखांचा आवाज ऐकला. नरक्यासारख्या औषधी झाडाची चोरटी तोड होते, तिला आळा घालायला पहारा लागतोच. २०१८ साली कॅमेऱ्यात इथे वाघाची छबी आली, पुन्हा डिसेंबर २०२३ मध्ये आली. नोव्हेंबर २०२५ मध्ये ताडोब्याहून एक वाघीण आणून चांदोलीत सोडण्यात आली.

त्या वाघिणीची बातमी मी बारकाईने वाचली. तिला आधी मोठ्या कुंपणात ठेवले, नव्या जागेची सवय होऊ दिली. गळ्यात रेडिओ कॉलर बांधला. ती कुठे जाते, काय खाते, रुळली की नाही, याची नोंद ठेवायला माणसे नेमली. पुनर्वसन असेच करायचे असते! फक्त वाचता वाचता मला ते आजोबा आठवले. ट्रकमधून उतरल्यावर ते कुठे गेले, काय खाल्ले, रुळले की नाही, याची नोंद कुणी ठेवली?

कोयनेच्या धरणग्रस्तांना २०१८ साली, म्हणजे गाव सुटून साठीच्या घरात वर्षे लोटल्यावरही, कोयनानगरला ठिय्या मांडून बसावे लागले. चांदोलीच्या अभयारण्यग्रस्तांनीही कोल्हापुरात असेच ठिय्ये दिले. डॉ. भारत पाटणकर आणि श्रमिक मुक्ती दलाने ही लढाई वर्षानुवर्षे चालवली. आंदोलनात बसलेल्यांत तिसरी पिढी होती. नातवांनी आजोबांचा सातबारा मागावा, ही गोष्ट कोणत्याही राज्याला भूषणावह नाही.

आणि यात आपला, सोलापूरकरांचा, संबंध काय? आता सुरुवातीला राखून ठेवलेली गोष्ट सांगतो. कोयना नदी कराडला प्रीतिसंगमावर कृष्णेला मिळते. त्याच्या खाली टेंभूला कृष्णेचे पाणी उचलून जी योजना पूर्वेकडे नेली आहे, तिचे शेवटचे टोक आपल्या सांगोला तालुक्यात आहे. चांदोलीतून येणारी वारणा सांगलीजवळ हरिपूरला कृष्णेला मिळते. त्याच्या खाली म्हैसाळला पाणी उचलतात, आणि त्या योजनेचे टोक आपल्या मंगळवेढा तालुक्यात आहे. ज्या खवासपुरात आणि माचणुरात बादशहाची छावणी पडली होती, त्याच दोन तालुक्यांच्या शिवारात आज त्या रानातले पाणी येते, ज्या रानात बादशहा अडकला होता. झोळंबीच्या सड्यावर झिरपलेला थेंब मंगळवेढ्याच्या ज्वारीला मिळू शकतो. पाणी इथे आले आणि काही माणसेही इथे आली. दोन्ही एकाच डोंगरातून. पाण्याचे आपण हार घालून स्वागत केले. माणसांच्या वस्तीला मात्र आपण अजून "धरणग्रस्तांची वसाहत" एवढ्याच नावाने ओळखतो. तिचे मूळ गाव कोणते, हे शेजारच्या गावालाही ठाऊक नसते.

म्हणून माझी एक साधी सूचना आहे. आपल्या जिल्ह्यात जिथे जिथे अशा वसाहती आहेत, तिथल्या शाळांनी मुलांकरवी एक वही भरून घ्यावी. तुमचे मूळ गाव कोणते, नदी कोणती, ग्रामदैवत कोणते, बाजार कुठे भरायचा, परसात झाड कोणते होते? गाव पाहिलेली माणसे आता ऐंशी-नव्वदीची आहेत, थोडीच उरली आहेत. यासाठी अनुदान लागत नाही, एक शंभर पानी वही पुरते. आणि उद्यानात जो पर्यटक जातो, त्याला गव्यांचे कुरण दाखवताना वाटाड्याने एवढेच सांगावे, की हे अमुक गावचे खाचर. जुन्या गावाच्या जागी एक पाटी, त्यावर गावाचे नाव. वाघाला त्या पाटीचा त्रास होणार नाही.

ते आजोबा पुढे दोन-तीन वर्षांतच गेले. त्यांचा नातू आज शिक्षक आहे. मी चांदोलीहून परतलो, तेव्हा त्याला फोन करून फणसांची गोष्ट सांगितली. तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "सर, आज्यानं इथं वसाहतीतबी फणस लावला होता. तीनदा लावला. तिन्ही वेळा उन्हाळ्यात जळाला."

मी शेवटची काही वर्षे शिकवताना फळ्यावरचे ते वाक्य बदलले होते. "सह्याद्रीचे अरण्य आणि त्यातली माणसे, हा स्वराज्याचा पहिला किल्ला." दोनच शब्द वाढले होते. ते मला कोणत्या पुस्तकात सापडले नाहीत, एका रविवारी घरी चालत आले.